शालनने सांगितलेली गावं

मंगल घारेचा फोन आला तेव्हा हणमंत डुबल गिरणीत ज्वारी दळत होता. गिरणी चालू असली की त्याला फोन ऐकू येत नाही, हे कराडात त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे दळणाच्या वेळी त्याला कुणी फोन करत नसे. मंगलने लागोपाठ केले. शेवटी दळणासाठी थांबलेल्या सोनवणे बाईंनी हाक मारली, "अहो डुबल, तुमचा फोन नाचतोय बघा फळीवर."

त्याने गिरणी न थांबवता फोन कानाला लावला. मंगल काहीतरी ओरडत होती, त्यातलं 'माजुली' एवढंच त्याला कळलं. त्याची बायको शालन माजुलीला गेली होती. आसामात ब्रह्मपुत्रेच्या मधोमध असलेलं ते बेट. मंगल आणि भिशीतल्या आणखी दोघी तिच्यासोबत होत्या.

"होय, माजुलीच. माहीत आहे मला," तो म्हणाला. "पोचलात न्हवं? मग काय झालं?"

मग त्याने खटका बंद केला. खटका बंद केला तरी पट्टा थांबायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात मंगलने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला ते नीट ऐकू आलं.

"भावजी, शालन गेली. सकाळी पायरीवर चहा घेत बसली होती. डॉक्टर आले, पण काही उपयोग झाला नाही."

सोनवणे बाईंना त्याच्या तोंडावरून कळलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या, तसंच नेते मी."

"अर्धी ज्वारी तशीच कशी न्याल?" हणमंत म्हणाला. त्याने गिरणी पुन्हा चालू केली, उरलेली ज्वारी दळली, पीठ डब्यात भरलं, झाकण लावून दिलं आणि मग शटर ओढलं. नंतर गल्लीत काही लोक म्हणाले, माणूस दगडाच्या काळजाचा आहे. तसं नव्हतं. हातांनी दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

शालन तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तिने हंपीला जायचा बेत केला, आणि हणमंतला पहिल्यांदा विचारलं, "अहो, येताय का?" तो म्हणाला, "गिरणी कोण बघणार?" पुढे सगळ्या वर्षांत प्रश्न तोच राहिला आणि उत्तरही तेच. खरी गोष्ट वेगळी होती. परक्या जागी त्याला झोप लागत नसे. शालनला ते माहीत होतं, पण तिने ते कधी त्याच्या तोंडून काढून घेतलं नाही. ती त्याला घरकोंबडा म्हणायची. चारचौघांतसुद्धा म्हणायची, "आमचा घरकोंबडा बघेल की घर. मी चालले."

तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एक भिशी काढली होती. या भिशीत जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिने त्या वर्षीचं ठिकाण ठरवायचं, असा नियम होता. बुंदी, भुज, धनुषकोडी, चंदेरी, बदामी, सगळं त्या चिठ्ठ्यांतून निघालं.

आणि ती परत आली की एक रीत होती. आधी आंघोळ, मग पिठलं-भाकरी. मग हणमंत गिरणीतलं झाडलोटीचं पीठ मोठ्या परातीत पसरायचा आणि दोघं समोरासमोर बसायची. शालन बोटाने पिठात रस्ते काढायची. फोटो नंतर, हा त्याचा हट्ट. तो पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायचा, "तिथनं आपलं घर कुठल्या बाजूला?" ती सांगायची, मग घराच्या बाजूला तो एक हरभरा ठेवायचा आणि पुढे विचारत जायचा. डावीकडे काय होतं? चढ होता का? विहिरीला पाणी होतं का? पाणपोईवर कोण बसलं होतं? कधी कधी ती वैतागायची. "अहो, सगळं कसं आठवेल? मी फिरायला गेले होते, पंचनाम्याला नाही." पण पुढच्या खेपेला ती जास्त बघून यायची, कारण घरी कोण काय विचारणार हे तिला पक्कं माहीत असे.

याच काळात वाट-अंकाचा शोध लागला आणि सगळीकडे गाजला.

आपल्या मेंदूत, दोन्ही बाजूंना कानांच्या पातळीला आतवर, हिप्पोकॅम्पस नावाचा बोटाएवढा भाग असतो. तिथल्या काही पेशींचं, म्हणजे वाटपेशींचं, काम जागा ओळखण्याचं. माणूस चौकात आला की एक पेशी जागी होते, देवळाच्या दारात आला की दुसरी. अशा पेशींची माळ म्हणजे त्या गावाचा नकाशा. हे फार पूर्वीपासून माहीत होतं. नवीन एवढंच झालं, की डोक्यावर टोपीसारखं यंत्र घालून, कुणाच्या मेंदूत असे किती निरनिराळे नकाशे आहेत, ते बाहेरून मोजता येऊ लागलं; तो आकडा म्हणजे वाट-अंक. आणि मोजल्यावर दिसलं, की ज्यांच्याकडे नकाशे जास्त, ती माणसं अनोळखी कोडं लवकर सोडवतात. कारण मेंदू विचारांतही तशाच वाटा काढतो. नात्यागोत्याचं जाळं असो, आजाराचं निदान असो, की भांडणातून बाहेर पडणं असो, पेशी त्याच. प्रवासाची आवड असणारी माणसं हुशार का निघतात, याचं उत्तर सापडलं असं वर्तमानपत्रांनी लिहिलं.

मग जे व्हायचं ते झालं. नोकरीच्या मुलाखतीला वाट-अंक विचारू लागले. लग्नाच्या स्थळात उंची, पगार आणि त्याखाली वाट-अंक येऊ लागला. लोक दात न आलेल्या पोरांना घेऊन राजस्थान फिरू लागले. पोर झोपलेलं असायचं, पण आईबाप त्याला कडेवर उभं धरून किल्ला दाखवायचे. शालनचा अंक काढला तर तो तालुक्यात नाव होण्याइतका आला.

"बरं झालं, आपलं लग्न आधीच झालं," ती हणमंतला म्हणाली. "आता तुम्हाला कुणी मुलगी दिली नसती."

"मग घरात पीठ कुणी पसरलं असतं?"

"हो, तेही आहेच."

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत डॉक्टर नाझनीन मुजावर या विषयावर काम करत होत्या. मूळच्या मिरजेच्या. शालन त्यांच्या पाहणीत होती. फिरणारी बायको आणि घरी बसणारा नवरा अशी जोडपी त्यांना तुलनेसाठी हवी होती. शालनने हणमंतचंही नाव देऊन टाकलं होतं. त्याची तारीख आली ती शालन गेल्यानंतर. तो जाणार नव्हता. पण त्यांची मुलगी केतकी पुण्यात राहायची, आणि तिला बापाची काळजी लागून राहिली होती. फोनवर तो 'बरं', 'होय', 'ठेवू का' याच्या पुढे जात नव्हता.

"पप्पा, मम्मीने शब्द दिलाय त्यांना," ती म्हणाली. मग तो पुण्याला आला आणि केतकी त्याला संस्थेत घेऊन गेली.

टोपी घालून त्याला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एकेका गावातून चालत गेल्यासारखं दिसायचं. तासाभराने डॉक्टरबाई बाहेर आल्या, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"काका, तुम्ही कुठं कुठं फिरलाय?"

"सांगली, सातारा. लग्नात जोतिबाला. आणि आता हे पुणं."

"आणि बाहेर?"

"हेच बाहेर."

केतकी हसली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, नोंदींची अदलाबदल झाली. त्यांनी त्याला पुन्हा टोपी घातली आणि बुंदी लावलं. पडद्यावर एक गल्ली पुढे सरकू लागली.

"आता वेस येईल," हणमंत म्हणाला. "वेशीबाहेर दोन विहिरी आहेत, एकसारख्या. शालन म्हणाली, जुळ्या बहिणी बसल्यासारख्या."

वेस आली. विहिरी आल्या. डॉक्टरबाईंनी पडदा थांबवला आणि म्हणाल्या, "तुमचा अंक तुमच्या मिसेसपेक्षा थोडाच कमी आहे."

मग त्यांनी पिठाची सगळी हकीकत त्याच्याकडून काढून घेतली. त्यांच्या लक्षात आलं ते असं. वाटपेशींना पाय चालले की कान, याच्याशी देणंघेणं नसतं. कुणी नीट सांगत असेल आणि ऐकणारा पावलापावलाला विचारत असेल, तर मेंदू तो रस्ता खरोखरच चालतो. एक वेगळेपण मात्र होतं. हिंडणाऱ्यांच्या नकाशात दिशा त्या त्या गावाच्या असतात. हणमंतच्या प्रत्येक नकाशाला एकच दिशा होती. बुंदी असो, भुज असो, सगळी गावं कराडकडे तोंड करून होती.

"तो हरभरा," केतकी हळूच म्हणाली.

म्हणजे फिरलं तरच अंक वाढतो, हे लोक समजत होते तेवढं सरळ नव्हतं. डॉक्टरबाईंना आनंद झाला होता, पण त्यांनी दुसरी गोष्टही लपवली नाही. ऐकून झालेले नकाशे पक्के नसतात. शालन भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना पुन्हा पुन्हा बोलायची, म्हणून ते टिकले होते. आता ते विरत चालले होते. धनुषकोडीच्या कडा पुसट झाल्या होत्या.

"मग उपाय?" हणमंतने विचारलं.

"तुम्ही ती गावं दुसऱ्या कुणाला सांगा. सांगताना नकाशा पुन्हा चालला जातो."

हे सोपं वाटलं होतं. केतकी दर रविवारी कराडला येऊन त्याच्यासमोर बसू लागली. पण हणमंतच्या तोंडून काही निघेना. जन्मभर तो विचारत आला होता. "चंदेरीत ना," तो सुरू करायचा, "चंदेरीत विणकरांची घरं..." आणि थांबायचा. पुढचा प्रश्न त्याचा असायचा आणि उत्तर शालनचं. आता दोन्ही त्यानेच कसं करायचं?

केतकीचा धीर सुटला. "पप्पा, सरळ जाऊन बघून येऊ या की. बदामी जवळ आहे. मी गाडी काढते. खरी जागा बघितली की कायमची लक्षात राहील."

त्याला ते पटलं. तिथेच चूक झाली.

बदामी छान होतं. लाल डोंगर, तळं, लेणी. तो हॉटेलात रात्रभर जागा राहिला, पण सकाळी कुरकुरला नाही. परत आल्यावर त्याने पीठ पसरलं, म्हटलं शालनची बदामी काढू. शालनच्या बदामीत तळ्याच्या वाटेवर एक चिंच होती आणि चिंचेखाली ज्वारीच्या कडक भाकरी आणि दही विकणारी म्हातारी होती. ती शालनला म्हणाली होती, नवऱ्याला का नाही आणलं? त्याने बोट टेकवलं आणि बोटाने गाड्या लावायचं मैदान काढलं. तिकिटाची खिडकी काढली. म्हातारी कुठल्या हाताला बसली होती ते येईना. चिंच कुठे ते येईना. म्हातारी काय म्हणाली ते शब्द आठवत होते, पण त्या शब्दांना आता जागाच राहिली नव्हती.

तपासणीत तेच दिसलं. एकाच गावाचे दोन नकाशे असले तर मेंदू डोळ्यांनी पाहिलेला ठेवतो आणि ऐकलेला मोडून त्याच पेशी पुन्हा वापरतो.

"म्हणजे गेलो तर जातंय आणि नाही गेलो तरी जातंय," हणमंत म्हणाला.

"माझ्यामुळं झालं," केतकी म्हणाली आणि रडू लागली.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गप. तुझ्या आईला कळलं असतं, की घरकोंबडा बदामीला जाऊन आला, तर तिने गल्लीत साखर वाटली असती."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, एक विचारू? तुम्हाला सांगता येत नाही, कारण एक बदामी सोडली तर तुम्ही कधी कुठून परत आलाच नाहीत, आणि तीही आधीच ऐकलेली होती. परत आलेला माणूसच सांगतो. एकदा असं गाव बघून या, जे तुमच्या मिसेसनी तुम्हाला सांगितलेलं नाही. तिथे मोडण्यासारखं काही नसेल. सांगायची सवय लागली, तर बाकीची गावं कदाचित वाचतील. मी खात्री देत नाही."

शालनने बघितलेलं पण सांगितलेलं नाही असं एकच गाव होतं. जिथून ती परत आली नव्हती ते.

मंगल अधूनमधून डबा घेऊन यायची. माजुलीचं सांगू का, असं तिने आजवर अनेकदा विचारलं होतं. शेवटच्या दिवसांत शालन काय बोलली, कशाला हसली, ते तिच्या मनात साठून राहिलं होतं. हणमंत प्रत्येक वेळी हात वर करून तिला थांबवायचा. शालनची शेवटची सहल मंगलच्या तोंडून ऐकायची, हे त्याला जमत नव्हतं. या खेपेला तो म्हणाला, "मंगलताई, मला माजुलीला न्याल का? पण वाटेत काही सांगायचं नाही."

"आणि गिरणी कोण बघणार?" मंगलने डोळे बारीक करून विचारलं.

"बंद राहील."

"अगं बाई," मंगल म्हणाली आणि खालीच बसली.

जोरहाटच्या पुढे निमाती घाट, तिथून होडी. होडीत मोटारसायकली, बांबू, एक बकरी आणि माणसं. पाणी एवढं, की पलीकडचा काठ दिसेना. हणमंतने कठडा घट्ट धरला होता. बेटावर उतरल्यावर त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मंगलला विचारलं, "इथनं आपलं घर कुठल्या बाजूला?"

मंगल मोठ्याने हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "भावजी, सांगू नका म्हणालात, पण हे सांगते. उतरल्या उतरल्या शालनने हेच विचारलं. कुठंही गेलो की तिचं पहिलं हेच. आम्ही चिडवायचो, आलीस की नाही, तोच घरी निघालीस? तर म्हणायची, मला नाही गं, घरी एकाला सांगावं लागतं."

मंगलने हाताने बाजू दाखवली. नदी जिकडे वाहत जाते, तिकडून जरा डावीकडे. त्याने ते मनात धरून ठेवलं.

शालन आणि मैत्रिणी राहिल्या होत्या आणि आता ही दोघं राहिली, ते घर बीना पेगू नावाच्या बाईचं. बांबूचं, खांबांवर उभं, खाली हातमाग आणि मागाशेजारी डुकरं. बीना तोडक्या हिंदीत बोलायची आणि हणमंतचं हिंदी तिच्याहून तोडकं होतं. पण दोघांचं बरं जमलं. तिने त्याला काठावर नेलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. पहिल्या संध्याकाळी शालन ज्या वाटेने चालली होती, ती वाट तिथे होती. गेल्या पुरात काठ कोसळला. वाट, बांबूचं बेट आणि एका शेजाऱ्याचं अंगण नदीत गेलं होतं.

"दरवर्षी जातं," बीना म्हणाली. "आम्ही घर मागे सरकवतो."

"मग आधी कुठं काय होतं, ते कसं लक्षात ठेवता?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "पोरांना सांगतो," ती म्हणाली.

सकाळी तो पायऱ्यांवर बसला. पायऱ्या म्हणजे खाचा पाडलेलं एक जाड लाकूड आणि त्याखाली दगडाची एक रुंद पायरी. शालन त्या दगडावर बसली होती. बीनाने चहा आणून दिला. तो रडेल असं मंगलला वाटलं होतं, म्हणून ती दाराआड उभी होती. तो रडला नाही. तो बघत होता. डावीकडे काय आहे. उजवीकडे काय आहे. माग चालू असताना आवाज कुठून येतो. समोरच्या घरातली म्हातारी मुखवट्याच्या बांबूच्या सांगाड्यावर चिखल लिंपत होती, तो मुखवटा कुणाचा. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या डोळ्यांनी, कुणालातरी सांगायचं म्हणून बघत होता. शालन एवढी वर्षं काय करत होती ते त्याला तिथे कळलं. रात्री त्याला झोपही लागली. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

परतल्यावर पुण्यात तपासणी झाली. माजुलीचा नकाशा ठळक होता आणि कराडकडे तोंड करून होता. बुंदी आणि भुज जागच्या जागी होते, पण पुसट. चंदेरी निम्मी राहिली होती. बदामी परत आली नव्हती, येणारही नव्हती.

"आता सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उशीर करू नका."

स्वारगेटला कराडची गाडी लागायला वेळ होता. केतकी आणि तो बाकावर बसले. तिने सवयीने फोनवर नकाशा उघडला. त्याने तो पालथा करून तिच्या मांडीवर ठेवला.

"तू विचार," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"डावीकडे काय होतं ते विचार."

"डावीकडे काय होतं, पप्पा?"

आणि हणमंत सांगायला लागला. होडी, बकरी, घाट. कोसळलेला काठ. माग, डुकरं, मुखवटा लिंपणारी म्हातारी. केतकीला विचारायचं चांगलं कळत होतं, बापाचंच होतं ते. मध्ये गाडी लागली, भरली आणि गेली. तो पायरीपाशी आला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. दगड कसा होता ते सांगितलं. सकाळी गार असतो, आठच्या सुमाराला ऊन येतं. तिथे बसलं की नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते.

"मम्मीला ऐकू आली असेल?"

"आली असणार. कान तिखट होते तिचे."

माजुली सांगून झाली. दुसरी गाडी आली. केतकीने त्याची पिशवी उचलली आणि विचारलं, "आणि बुंदी? बुंदीत वेशीच्या आधी काय होतं?"

त्याने तोंड उघडलं. गल्ली दिसत होती, चढ दिसत होता. शब्द मात्र शालनच्या आवाजात येत होते, आणि ते आपल्या आवाजात कसे म्हणायचे ते त्याला कळेना. "पुढच्या रविवारी," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

ते रविवार येतात आणि जातात. केतकी येते, समोर बसते, विचारते. माजुली त्याने गल्लीत सगळ्यांना सांगितली आहे, सोनवणे बाईंना तर दोनदा. शालनची गावं त्याने अजून कुणाला सांगितलेली नाहीत.